चौकोन, बाण आणि तळपाय

नर्सिंगच्या एम.एस्सी.चे प्रबंध कुठल्याही कॉलेजच्या लायब्ररीत कपाटभर असतात. काळं नाहीतर मरून बाइंडिंग, पाठीवर सोनेरी अक्षरं. त्यातला कुठलाही उघडा, पहिल्या प्रकरणाच्या शेवटाला एक आकृती सापडणारच. चार-पाच चौकोन, त्यांना जोडणारे बाण, मागे वळणारी फीडबॅकची तुटक रेघ आणि खाली ‘सुधारित’ असा शब्द. हिला कन्सेप्च्युअल फ्रेमवर्क म्हणतात, म्हणजे अभ्यास कुठल्या सिद्धांताच्या चौकटीत केला ते दाखवणारी आकृती. बहुतेक वेळा ती अर्नेस्टाइन वीडेनबाखच्या सिद्धांतावर बेतलेली असते, नाहीतर इमोजिन किंगच्या, नाहीतर बर्टालान्फीच्या जनरल सिस्टिम्स थिअरीवर. हा बर्टालान्फी नर्सिंगमधला नव्हे, जीवशास्त्रज्ञ. आणि बहुतेक वेळा ती आकृती डेटा गोळा करून झाल्यावर, बाइंडिंगच्या घाईत काढलेली असते. यात गुपित काही नाही. सीनियर मुली ज्युनियर मुलींना पेनड्राइव्हमधून देतात. ‘स्तनपान’ पुसायचं, ‘मधुमेह’ टाकायचं, की झालं.

माझ्याही हातात असा एक पेनड्राइव्ह आला होता. मी मनपाच्या हॉस्पिटलात बरीच वर्षं स्टाफ नर्स. मेडिसिन वॉर्ड, आयसीयू, मग ओपीडी असं फिरून चाळिशीत स्टडी लीव्हवर एम.एस्सी.ला आले. वर्गातल्या निम्म्या मुली माझ्या पुतणीच्या वयाच्या. नाइट ड्युटी नाही, ड्युटी बदलताना पेशंटची ओव्हर द्यायची-घ्यायची नाही, सकाळी नऊला वही घेऊन बसायचं, याचंच पहिले काही दिवस अप्रूप होतं. थिअरीच्या पेपरचं अप्रूप मात्र कुणालाच नव्हतं. पाठ करा, आकृती काढा, विसरा, असा त्याचा लौकिक.

शिकवणाऱ्या मॅडमनी सुरुवात नाइटिंगेलपासून केली, पण दिवा घेतलेल्या बाईपासून नाही. त्यांनी फळ्यावर लिहिलं: ‘चुकीचा सिद्धांत, बरोबर काम.’ १८५९ साली ‘नोट्स ऑन नर्सिंग’ आलं तेव्हा जंतूंचा सिद्धांत अजून रुजलेला नव्हता, आणि नाइटिंगेलचा तर संसर्गाच्या कल्पनेलाच विरोध. दूषित हवेने रोग होतात, हे तिचं ठाम मत. म्हणून खिडक्या उघडा, गटारं साफ करा, उजेड येऊ द्या. क्रिमियन युद्धात तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात १८५५च्या वसंतात सॅनिटरी कमिशनच्या लोकांनी तुंबलेली गटारं उपसली आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. कारण तिला वाटलं ते नव्हतं, पण त्या चौकटीमुळे नजर गटाराकडे गेली. हिंदुस्थानात ती कधीच आली नाही. तरी १८६३च्या रॉयल कमिशनच्या अहवालासाठी इथल्या लष्करी छावण्यांना छापील प्रश्नावल्या पाठवून पाणी, सांडपाणी, बराकीतली गर्दी यांची माहिती मागवण्यात तिचा मोठा हात होता. मॅडम म्हणाल्या, ‘‘तिने काय विचारलं ते बघा. ज्याला हवा आणि पाणी महत्त्वाचं वाटतं तोच हवा-पाण्याबद्दल विचारतो. प्रश्नावली तयार व्हायच्या आधीच सिद्धांत तिच्यात शिरलेला असतो.’’ त्या वेळी मी हे वहीत उतरवून घेतलं, एवढंच.

दुसऱ्या एका तासाला चरक आला. चिकित्सेचे चार पाद: वैद्य, औषध, परिचारक, रोगी. आणि परिचारकाचे चार गुण: उपचारांचं ज्ञान, दक्षता, स्वामीविषयी अनुराग, शुचिता. बार्बरा कार्परने १९७८ साली नर्सिंगच्या ज्ञानाचे चार प्रकार मांडले: प्रयोगसिद्ध ज्ञान, कलेचं, स्वतःला ओळखण्याचं आणि नीतीचं. आमच्यातली एक जण उत्साहाने उठली आणि इकडचे चार तिकडच्या चारांना जोडून मोकळी झाली. टाळ्याही पडल्या. मॅडमनी शांतपणे विचारलं, ‘‘अनुराग कुणावर?’’ श्लोकात ‘भर्तरि’ आहे, म्हणजे पोशिंद्या धन्यावर. चरकाचा परिचारक घरचा माणूस. त्याच्याकडे कौशल्य हवं, निष्ठा हवी, स्वतंत्र ज्ञानशाखा त्याच्या नावावर नाही. मग त्यांनी आमच्या दीपप्रज्वलनाच्या शपथेकडे मोर्चा वळवला. तिला नाइटिंगेल प्लेज म्हणतात, पण ती नाइटिंगेलची नाहीच. १८९३ साली डेट्रॉइटच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने ती लिहिली, आणि तिच्यातही डॉक्टरांना निष्ठेने मदत करण्याचं वचन आहे. आम्ही सगळ्यांनी ती पांढऱ्या साडीत, पणती हातात घेऊन, घसा दाटून म्हटली होती. वर्गात जरा शांतताच पसरली.

त्यानंतर हिल्डगार्ड पेप्लाऊची गोष्ट ऐकली तेव्हा मला हा विषय पहिल्यांदा आपला वाटला. नर्स आणि पेशंट यांचं नातं हाच उपचाराचा भाग, असं सांगणारं तिचं पुस्तक १९४८ साली लिहून तयार होतं. छापलं गेलं १९५२ साली. मधली वर्षं का गेली? तर सोबत डॉक्टरांचं नाव नसताना नर्सने एकटीने असलं पुस्तक काढावं, हे पचत नव्हतं. राउंडला ‘सर, हिला श्वास लागतोय’ हे वाक्य ‘सर, एकदा बघून घेता का’ असं वळवून बोलायला शिकलेल्या कुठल्याही सिस्टरला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

बाकीच्या नावांची परीक्षेपुरती ओळख झाली. फॉसेटने सांगितलेले नर्सिंगच्या सिद्धांतांचे चार खांब म्हणजे व्यक्ती, परिसर, आरोग्य आणि नर्सिंग. रॉयचं अनुकूलन, म्हणजे बदलत्या परिसराशी माणसाचं जुळवून घेणं. मार्था रॉजर्सची ऊर्जाक्षेत्रं मला अजूनही झेपलेली नाहीत आणि झेपावीत अशी फार ओढही नाही. पॅट्रिशिया बेनर मात्र वाचताना मजा आली. नवशिकी नर्स नियम धरून चालते आणि मुरलेली नर्स परिस्थिती एका नजरेत ओळखते, हे तिने १९८४ साली नर्सेसच्याच तोंडून ऐकून मांडलं, ड्रेफस बंधूंच्या कौशल्याच्या पायऱ्या घेऊन. आमच्या जुन्या इन्चार्ज सिस्टर पेशंटच्या खाटेजवळून नुसत्या जायच्या आणि म्हणायच्या, ‘‘सात नंबर मला बरा दिसत नाही, बीपी परत घे.’’ बीपी बरं असायचं. तासाभराने नसायचं.

मग प्रबंध आला. मधुमेही पेशंटच्या पायांची काळजी, हा विषय मी ओपीडीतूनच आणला होता. सिनॉप्सिसचा, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याचा, पहिला मसुदा सगळे करतात तसाच: पायांच्या काळजीविषयी ज्ञान मोजायचं, स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम द्यायचा, परत ज्ञान मोजायचं. प्री-टेस्ट, पोस्ट-टेस्ट, मध्ये फ्लिपचार्ट. आकृती पेनड्राइव्हमधली, वीडेनबाखची.

गाइड मॅडमनी मसुदा बाजूला ठेवला आणि आकृतीवर बोट ठेवलं. ‘‘वीडेनबाखच का?’’

‘‘सगळे घेतात, मॅडम.’’

‘‘सगळे का घेतात?’’

खरं तर वीडेनबाख वाचायला घेतली की ती आकृतीएवढी गरीब राहत नाही. ती येलमधली नर्स-मिडवाइफ. तिचं पुस्तक १९६४चं. पुढे १९६८ साली डिकॉफ आणि जेम्स या दोन तत्त्वज्ञांबरोबर तिने ‘नर्सिंग रिसर्च’मध्ये लेख लिहिले. मुद्दा असा, की जी विद्या कृतीसाठी आहे तिचा सिद्धांत जगाचं नुसतं वर्णन करून थांबू शकत नाही. अमुक स्थिती घडवून आणायची असेल तर काय करावं, हे त्याने सांगितलं पाहिजे. वीडेनबाखच्या मांडणीत तीन गोष्टी येतात: मध्यवर्ती हेतू, त्यासाठीची कृती आणि वास्तव. वास्तवात पुन्हा पाच: करणारी, घेणारा, उद्दिष्ट, साधनं आणि ज्या ठिकाणी हे सगळं चालतं ते ठिकाण. प्रबंधांमधल्या आकृत्यांत या पाचांचा एक चौकोन असतो आणि त्यात ‘स्टाफ नर्स, मधुमेही रुग्ण, ज्ञानवृद्धी, फ्लिपचार्ट, ओपीडी’ एवढं भरलेलं असतं. म्हणजे ज्या चौकोनासाठी बाईने एवढा खटाटोप केला तोच आपण पत्त्यासारखा भरतो. मॅडमचं म्हणणं एवढंच, की ओपीडीत जा, तो चौकोन बघून ये, मग मला आकृती दाखव.

गेले. पावसाळा होता. आमच्या ओपीडीत पाय तपासायची एक छोटी खोली आहे. तिथे मी मोनोफिलामेंट घेऊन बसायचे. पेनासारख्या दांडीला नायलॉनचा जाड धागा असतो. तळपायावर टेकवून दाबला की दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. पेशंटने डोळे मिटायचे, स्पर्श कळला की ‘हो’ म्हणायचं. ज्यांना तो कळत नाही त्यांच्या पायाला खडा टोचला, चप्पल चावली, तरी पत्ता लागत नाही. जखम होते, चिघळते, आणि ते आपल्याकडे येतात तेव्हा बोट ठेवायचं की काढायचं यावर बोलणं चाललेलं असतं.

लालबागच्या चाळीतल्या एक आजी आल्या. शुगर जुनी. डोळे मिटून बसल्या. मी अंगठ्याखाली धागा टेकवला, काही नाही. टाचेजवळ टेकवला, काही नाही. मग मी धागा हवेतच धरला आणि आजी म्हणाल्या, ‘‘हो.’’

‘‘आजी, आता लावलाच नव्हता.’’

‘‘बराच वेळ तुम्ही काही बोलला नाहीत, म्हटलं सिस्टरना वाईट वाटत असंल.’’

मग प्रश्नावली. अनवाणी चालावं का? नाही. रोज पाय बघावेत का? हो. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात का? हो. नखं कशी कापावीत? सरळ. पैकीच्या पैकी. टीचिंग प्रोग्राम न देताच पोस्ट-टेस्ट पास. आजी उठल्या, नमस्कार केला आणि ओल्या लादीवरून अनवाणी चालत दारापर्यंत गेल्या. चप्पल दाराबाहेर होती. दाराबाहेर, कारण तिथे पाटी होती: ‘पादत्राणे बाहेर काढावीत.’ पाय तपासायच्या खोलीवर. कुणी, कधी लावली, कुणालाच माहीत नाही. आणि पाटी नसती तरी आजींनी चप्पल बाहेरच काढली असती. डॉक्टर-सिस्टरच्या खोलीत चप्पल घालून जायचं नसतं, हे त्यांना आमच्या फ्लिपचार्टच्या कितीतरी आधी शिकवलेलं.

माझ्या मसुद्याने या बाईंकडे बघितलं असतं तर एकच गोष्ट दिसली असती: ज्ञान उत्तम. कारण त्या मसुद्याने आधीच गृहीत धरलं होतं, की माणूस काळजी घेत नाही कारण त्याला माहीत नसतं. हे मी कुठे लिहिलं नव्हतं. पण प्री-टेस्ट, शिकवणं, पोस्ट-टेस्ट हा साचा घेतला की ते आपोआप आलंच. निरीक्षण सिद्धांताने आधीच रंगलेलं असतं, हे विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात नॉरवुड हॅन्सनने १९५८ साली आणि थॉमस कूनने १९६२ साली मांडलं, असं थिअरीच्या पेपरात मी सहा मार्कांना लिहून आले होते.

मग डोरोथिया ओरेम पुन्हा वाचायला घेतली, या वेळी नीट. तिचं ‘नर्सिंग: कन्सेप्ट्स ऑफ प्रॅक्टिस’ १९७१चं. माणूस स्वतःच्या जिवासाठी जे हेतुपूर्वक करतो ती स्वकाळजी. ती करण्याची त्याची क्षमता एका बाजूला, आणि त्याच्या अवस्थेला लागणारी काळजी दुसऱ्या बाजूला. काळजीची गरज क्षमतेपेक्षा जास्त झाली की तूट पडते आणि तिथे नर्सची गरज सुरू होते. त्या क्षमतेवर परिणाम करणाऱ्या दहा गोष्टी ती सांगते. वय, लिंग, तब्येत यांच्याबरोबर घरची रचना, रोजचं राहणं, परिसर, साधनं आणि आरोग्यव्यवस्थाही. म्हणजे आमची पाटीसुद्धा त्यात बसते. ज्ञान या सगळ्यातला फक्त एक तुकडा.

टूल, म्हणजे प्रश्नावली, मी नव्याने लिहिलं. ‘रोज पाय बघावेत का’ काढलं आणि विचारलं: तळपाय शेवटचे कधी बघितले, कुठे बसून, कशाने, कुणी? उत्तरं बदललीच. गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे तळवा दिसतच नाही. आरसा आहे, पण भिंतीला ठोकलेला. दहा बाय दहाच्या खोलीत पाय पसरून बसायला उजेडाची जागा एकच आणि तिथे नातू अभ्यासाला. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे पाय दिवसभर ओले, आणि कामाच्या घरात चप्पल घालायची सोय नाही. ‘‘तुम्ही सांगता बरोबर, पण त्या मॅडमना कोण सांगणार?’’ एक काका कुरियरचं काम करणारे. हिंदमाताला पाणी भरलं की त्यातूनच चालायचं, ऑफिसात पोचेपर्यंत बूट वाळत नाहीत. ज्ञान यांतल्या बहुतेकांना होतं.

आकृतीतही फरक पडला. ओरेम नर्सच्या कामाच्या तीन पद्धती मांडते: सगळं आपण करायचं, थोडं आपण थोडं पेशंटने, आणि पेशंटच करणार, आपण फक्त आधार द्यायचा, शिकवायचं. विद्यार्थी तिसरी निवडतात, कारण तिच्यात फ्लिपचार्ट बसतो. आजींना तळवा दिसतच नसेल तर त्या दुसऱ्या पद्धतीत येतात. मग प्रत्येक भेटीत नर्सने खाली बसून पाय बघायला हवेत आणि घरी कोण बघणार ते नाव घेऊन ठरवायला हवं. हस्तक्षेपाचं पूर्ण प्रकरण त्यामुळे परत लिहावं लागलं. आणि आजींचे पाय बघते ती सून. ओरेमकडे परावलंबी माणसाची काळजी घेणाऱ्याची वेगळी कल्पना आहे, पण आजी स्वतःला परावलंबी मानत नाहीत. सून पाय बघते, आजी सुनेच्या मुलाला सांभाळतात. हा बाण दोन्हीकडे जाणारा काढावा लागला.

मॅडमशी माझा खरा वाद झाला तो अनवाणी नवसावरून. सोमवारी रात्री घरून अनवाणी चालत सिद्धिविनायकाला जाणाऱ्या एक बाई माझ्या नमुन्यात होत्या, पायाला संवेदना जवळजवळ नाही. ओरेमच्या हिशेबात ही तूट. मॅडेलिन लायनिंजर वेगळं बघते. तिने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पापुआ न्यू गिनीतल्या गॅडसप लोकांत राहून काम केलं आणि संस्कृतीला धरून काळजी घेण्याचे तीन मार्ग सांगितले. आहे ते जपायचं, नाहीतर वाटाघाट करून जुळवून घ्यायचं, नाहीतर घडी बदलायची. त्या बाईंनी वाटाघाट स्वतःच सुरू केली: ‘‘मोजे घातले तर चालतील का हो? देवाला मोजे चालत असतील.’’ नुसत्या मोज्यांनी खडा टोचायचा थांबत नाही. शेवटी जाड तळव्याचे मोजे, जायच्या आधी आणि आल्यावर मुलीने पाय बघायचे, आणि पायाला जखम असेल तेव्हा नवस पुढे ढकलायचा, इथे आम्ही थांबलो.

मला लायनिंजर आकृतीत हवी होती. मॅडम म्हणाल्या, दोन सिद्धांत स्टेपल करता येत नाहीत. ओरेमचा माणूस विचार करून निर्णय घेणारा, आणि ती स्वतःला मध्यम वास्तववादी म्हणवते, म्हणजे जग आपल्या कल्पनांहून स्वतंत्र असतं असं मानणारी. लायनिंजरकडे काळजीचा अर्थच संस्कृतीतून येतो. पाया वेगळा असलेली दोन घरं एका स्लॅबखाली घेतली की तडा जातो. तत्त्व म्हणून मला ते पटलं. पण ओरेमच्या दहा गोष्टींत ‘सामाजिक-सांस्कृतिक’ हा रकाना किरकोळ सामानाच्या खणासारखा आहे, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. शेवटी आकृती ओरेमची राहिली आणि नवसाचा भाग प्रबंधाच्या ‘मर्यादा’ या प्रकरणात गेला. मर्यादा कोण वाचतं?

एथिक्स कमिटीत एका डॉक्टरांनी विचारलं, शुगर, नस, इन्फेक्शन, सगळं मेडिसिन, यात नर्सिंगचं शास्त्र कुठे? उसनं ज्ञान, हा आमच्या विषयातला जुना वाद. पेप्लाऊने मानसोपचारातल्या सलिव्हनकडून घेतलं, रॉयने हेल्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाकडून. मेडिसिननेही रसायनशास्त्राकडून घेतलंच आहे. मी एवढंच म्हटलं, की सर, नस कुठे मेली ते तुम्ही शोधता. ती मेल्यावर हे पाय घरी रोज कोण बघणार, ते मी शोधतेय. परवानगी मिळाली. स्टॅटिस्टिशियन, कोड शीट, पायलट यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या एक्सटर्नल मॅडमनी निष्कर्ष भराभर उलटले आणि आकृतीपाशी थांबल्या. ‘‘ही फीडबॅकची रेघ का? तुम्ही पेशंटना परत भेटलात?’’ नव्हते भेटले. वेळेत बसत नव्हतं. ‘‘मग काय परत येतंय या रेघेवरून?’’ त्यांनी पेन्सिलने ती खोडली. आकृतीवर एवढा वेळ कुणी घालवलेला मी वर्गात कुणाच्या व्हायव्हाला ऐकला नाही. मला बरं वाटलं.

आता परत ओपीडीत आहे. पादत्राणांची पाटी काढायची तर इन्फेक्शन कंट्रोलचं म्हणणं पडतं, म्हणून तूर्त दाराआत रबरी मॅट टाकलीय आणि ‘पायांच्या पेशंटनी चप्पल घालूनच यावे’ असा कागद खाली चिकटवलाय. तळवे बघायला लांब दांडीच्या आरशांसाठी इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, टाकलं होतं. स्टोअरवाल्यांनी विचारलं, हे औषध नाही, ड्रेसिंगचं सामान नाही, फर्निचर पण नाही, मग कुठल्या हेडखाली? मी ‘साधनं’ लिहून पाठवलं. फाइल अजून फिरतेय. तोवर दोन आरसे आम्ही सिस्टरांनी वर्गणी काढून आणलेत.